साहसी शर्यतीतील सहभागींचे अभिप्राय-संकलन

साहसी शर्यत म्हणजे डोंगर-जंगलातली पायपीट, सायकल, कयाक, दोरावरची चढ-उतर आणि नकाशा व होकायंत्र वापरून वाट शोधणे अशा अनेक प्रकारांची, संघाने सलग पार पाडायची स्पर्धा. अशी शर्यत संपल्यावर सहभागींकडून मार्ग, सुरक्षा, नियम आणि व्यवस्था यांविषयी पद्धतशीर माहिती गोळा करून पुढच्या शर्यतीची आखणी सुधारणे, याला सहभागींचे अभिप्राय-संकलन म्हणतात. मॅरेथॉनचा रस्ता बहुतांशी आयोजकांच्या नजरेखाली असतो. साहसी शर्यतीत मात्र दोन चेकपॉइंटांच्या, म्हणजे संघांची नोंद होणाऱ्या ठाण्यांच्या, मधल्या कित्येक तासांत संघांचे काय झाले हे पाहायला तिथे कोणीच नसते. त्यामुळे मार्गाची खरी माहिती तो तुडवून आलेल्यांपाशीच असते आणि ती विचारल्याशिवाय मिळत नाही.

या क्रीडाप्रकाराची घडण १९८० च्या दशकात मुख्यतः न्यूझीलंडमध्ये झाली. रॉबिन जडकिन्स यांनी १९८३ मध्ये तेथील दक्षिण बेट पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘कोस्ट टू कोस्ट’ शर्यत सुरू केली, तर फ्रेंच पत्रकार जेरार फ्यूझिल यांची अनेक दिवस चालणारी ‘रेद गोल्वाज’ १९८९ मध्ये पहिल्यांदा त्याच देशात झाली. अमेरिकेत मार्क बर्नेट यांची ‘इको-चॅलेंज’ १९९५ मध्ये युटा राज्यात सुरू झाली. महाराष्ट्रात पुण्याजवळच्या सह्याद्रीत तीन जणांच्या संघांची ‘एन्ड्युरो३’ ही शर्यत या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांपासून परिचित आहे.

अभिप्राय किती मोलाचा ठरू शकतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘इको-चॅलेंज’च्याच २००० सालच्या शर्यतीत सापडते. बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या साबा राज्यात ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत झालेल्या या शर्यतीत ३०४ स्पर्धक उतरले होते. जंगलातली चाल, गुहा, होडी आणि नदीतले पोहणे असा तिचा मार्ग होता. शर्यत संपून स्पर्धक आपापल्या देशी परतल्यावर काहींना ताप, थंडी, अंगदुखी आणि डोकेदुखी सुरू झाली, आणि निरनिराळ्या शहरांतल्या डॉक्टरांकडून एकसारख्या रुग्णांच्या बातम्या येऊ लागल्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने इतर देशांतील आरोग्य यंत्रणांच्या साहाय्याने स्पर्धकांना गाठून एक प्रश्नावली भरून घेतली. कोणती लक्षणे जाणवली, कोणत्या टप्प्यात पाण्याशी संबंध आला, पाणी पोटात गेले का, अंगावर जखमा होत्या का, आधी कोणते औषध घेतले होते, असे तिचे स्वरूप होते. संपर्क झालेल्या १८९ जणांपैकी ८० जण, म्हणजे ४२ टक्के, आजाराच्या व्याख्येत बसले आणि त्यांतील २९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. सुदैवाने मृत्यू कोणाचाही झाला नाही. आजार लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो), म्हणजे प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा जिवाणूजन्य ताप, होता आणि उत्तरांच्या विश्लेषणातून सेगामा नदीतील पोहणे हे त्याचे मुख्य कारण म्हणून पुढे आले.

या घटनेतला एक तपशील आयोजकांनी कायम लक्षात ठेवावा असा आहे. लेप्टोची लक्षणे दिसायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, कधी त्याहूनही अधिक. अंतिम रेषेवर भरून घेतलेल्या कितीही चांगल्या फॉर्ममध्ये या आजाराचा मागमूस लागला नसता. म्हणूनच शर्यतीनंतर तीन-चार आठवड्यांनी प्रकृतीची चौकशी करणारी दुसरी फेरी आवश्यक ठरते. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यातल्या लेप्टोची धास्ती घरोघरी ठाऊक आहे. भातखाचरे, ओढे आणि साचलेले पाणी यांतून मार्ग नेणाऱ्या इथल्या आयोजकांना ही दुसरी फेरी टाळण्यासारखी नाही.

पहिल्या फेरीची वेळ ठरवणेही सोपे नसते. अनेक दिवसांच्या शर्यतींत संघ रात्रंदिवस चालतात, झोप अगदी थोडी मिळते आणि भास होणे ही या खेळात सर्रास ऐकू येणारी गोष्ट आहे. अशा अवस्थेत पोहोचलेल्या माणसाला तिथल्या तिथे लांबलचक प्रश्नावली देणे निरर्थक आहे. सैल झालेला दोर, घसरलेली दरड, हरवलेली चेकपॉइंटची खूण अशा मागून येणाऱ्या संघांना धोक्यात आणणाऱ्या गोष्टी मात्र त्याच क्षणी विचारून घ्याव्या लागतात. बाकीचे प्रश्न दोन-चार दिवसांच्या झोपेनंतर विचारलेले बरे. आठवणीचा आणखी एक दोष ध्यानात घ्यावा लागतो. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानमन यांनी १९९६ मध्ये आतड्याच्या दुर्बीण तपासणीला सामोऱ्या गेलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांचे नंतरचे मत तपासणी किती वेळ चालली यापेक्षा सर्वांत वेदनादायक क्षण आणि शेवटची काही मिनिटे यांवर अधिक अवलंबून असल्याचे त्यात दिसले. शर्यतीलाही हे लागू पडते असे मानण्यास जागा आहे, कारण शेवटचा टप्पा कंटाळवाणा असेल तर आधीच्या उत्तम आखणीचे गुणही त्याखाली झाकले जातात. त्यामुळे ‘एकंदर शर्यत कशी वाटली?’ या प्रश्नाच्या उत्तरातून आयोजकाच्या हाती फारसे काही लागत नाही. ‘नदीकाठच्या चेकपॉइंटपासून खिंडीपर्यंत किती वेळ लागेल असे धरले होते आणि प्रत्यक्षात किती लागला?’ किंवा ‘होडीतून उतरताना हाताला धरायला काय होते?’ अशा प्रश्नांमुळे स्पर्धक मनाने त्या जागी परत जातो आणि नेमके सांगतो.

कोणाला विचारायचे, हा याहूनही नाजूक प्रश्न आहे. अभिप्राय उत्साहाने देतात ते बहुधा शर्यत पूर्ण केलेले संघ. मध्येच बाहेर पडलेले स्पर्धक निमूटपणे घरी जातात, आणि मार्ग कुठे अवाजवी कठीण होता, पाणी कुठे संपले, कट-ऑफची, म्हणजे टप्पा पार करण्याच्या अंतिम मुदतीची, वेळ कुठे चुकीची धरली होती, हे त्यांनाच सर्वाधिक ठाऊक असते. त्यांना फोन करून बोलते करणे हे आयोजकाचे कर्तव्यच मानले पाहिजे. शिवाय संघाने संपूर्ण मार्गभर एकत्र राहावे असा नियम असल्याने बहुतेक आयोजक कप्तानाचा एकच फॉर्म पुरेसा समजतात. परंतु मोठ्या मोहीम-शर्यतींत चार जणांचा, स्त्री-पुरुष मिश्र संघ असतो. मासिक पाळी, उघड्यावर कपडे बदलण्याची अडचण, हातापायांना पडलेल्या भेगा किंवा सहकाऱ्याने केलेली सक्ती यांविषयी कप्तान दुसऱ्याच्या वतीने लिहू शकत नाही. प्रत्येकाने स्वतंत्रपणे आणि हवे असल्यास नाव न देता लिहावे, हीच पद्धत योग्य होय. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या बाबतीत तर निनावीपणा फारच उपयोगी पडतो. अमेरिकी विमानवाहतुकीत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांचे असे गोपनीय अहवाल स्वीकारत आली आहे, आणि शिक्षेची धास्ती कमी झाल्यास माणसे आपल्या चुका मोकळेपणाने सांगतात हा तिथला अनुभव आहे.

सांगितलेले आणि घडलेले यांचा मेळ घालायला आता जीपीएस नोंदींची मदत होते. एखाद्या फाट्यावर एकच संघ चुकला असेल तर तो त्याचा दोष. पण दहा संघांच्या रेषा त्याच ओढ्यात उतरून परत वर आलेल्या दिसल्या तर नकाशा किंवा चेकपॉइंटचे वर्णन तपासावे लागते.

मिळालेले सर्व अभिप्राय मान्य करता येत नाहीत. अव्वल संघांना वाट शोधणे अधिक अवघड हवे असते, तर नवख्यांना खुणा हव्या असतात. रात्री पाण्यावर उतरण्यास बंदी असल्याने काठावर थांबावे लागलेले संघ त्या नियमावर चिडतात, आणि तो तरीही कायम ठेवावा लागतो. आवडीनिवडीच्या तक्रारींत मतांची संख्या पाहावी; सुरक्षेच्या तक्रारीत मात्र एकाच स्पर्धकाने सांगितलेली गोष्टही जागेवर जाऊन पडताळावी. काय बदलले, काय बदलले नाही आणि का, हे पुढच्या शर्यतीच्या नियमपुस्तिकेत लेखी दिल्यास जुने स्पर्धक पुन्हा वेळ काढून सविस्तर उत्तरे देतात. ज्यांच्या फॉर्मचे पुढे काय झाले हे कधीच कळले नाही, ते पुढच्या वेळी सगळ्या रकान्यांत ‘चांगले’ एवढेच लिहून मोकळे होतात.