पिवळा दिवा गरम, पांढरा थंड?

"स्वयंपाकघरात पिवळे दिवे लावू नका, खोली तापते, पांढरा उजेड थंड असतो." हा सल्ला अनेक वर्षं फिरतो आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात तो पटणं साहजिकच. शिवाय जुना ६० किंवा १०० वॅटचा बल्ब पिवळाच होता आणि हात लागला की चटका बसायचा. पण तो चटका आतल्या तापलेल्या तारेचा होता, रंगाचा नव्हे.

खोलीत किती उष्णता येणार, हे वॅटवर ठरतं. ९ वॅटचा एलईडी पिवळा असो की पांढरा, त्याने घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. खोक्यावरचे २७०० किंवा ६५०० केल्विन फक्त उजेडाची छटा सांगतात. 'थंड' म्हणवल्या जाणाऱ्या छटेचाच आकडा मोठा असतो, हेही पाहून घ्या.

खात्री करायची असेल तर एकाच कंपनीचे, सारख्याच वॅटचे दोन रंगांचे बल्ब आणा. पंखा बंद करून एकाच होल्डरमध्ये आळीपाळीने अर्धा-अर्धा तास लावा आणि न शिवता हात जवळ न्या. फरक जाणवणार नाही.

मधल्या ओट्यावर टांगते दिवे घेताना मी आधी सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, बघते. तो ९० च्या पुढे असला की सावजी रश्श्याची तर्री खऱ्या रंगात दिसते, मेथीच्या जुडीतलं पिवळं पान नजरेतून सुटत नाही. उंची ओट्यापासून साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे भाजी चिरताना उजेड डोळ्यांत येत नाही.