पायथनमधील एक्स्टेन्शन मॉड्यूलचे बिल्ड कॉन्फिगरेशन

पायथनची बहुतेक मॉड्यूल्स पायथनमध्येच लिहिलेली असतात. फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवली की काम झाले. काही मॉड्यूल्स मात्र सी, सी++, फोरट्रान किंवा रस्ट या भाषांत लिहून आधी कंपाइल करावी लागतात. त्यांना एक्स्टेन्शन मॉड्यूल म्हणतात. अशा मॉड्यूलसाठी सोर्स फाइली कोणत्या घ्यायच्या, कंपायलर कोणता, त्याला पर्याय कोणते द्यायचे, हेडर फाइली (सी कोडला लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइली) कुठे शोधायच्या, कोणत्या लायब्ररी जोडायच्या आणि तयार फाइलचे नाव काय ठेवायचे, हे सगळे ठरवून देणे म्हणजे बिल्ड कॉन्फिगर करणे. नमपाय, सायपाय, पँडाज या गणन व विदा-विश्लेषणाच्या लायब्ररींच्या वेगाचे श्रेय त्यांच्या कंपाइल केलेल्या कोडला दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण तो कोड परक्या संगणकावर बिनतक्रार चालतो तो या कॉन्फिगरेशनमुळे, आणि त्याची दखल फारशी कुणी घेत नाही.

एकाच मेमरीत दोघे

पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर, सीपायथन, हा स्वतः सी भाषेतला प्रोग्राम आहे. एक्स्टेन्शन मॉड्यूल इम्पोर्ट केले की ऑपरेटिंग सिस्टीम त्याची शेअर्ड लायब्ररी थेट इंटरप्रिटरच्याच प्रोसेसमध्ये चढवते. दोघांमध्ये कसलेही कुंपण उरत नाही. तीच मेमरी, तीच ऑब्जेक्ट्स, तेच रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट किती ठिकाणांहून वापरात आहे याची मोजणी). म्हणून मॉड्यूल बांधणाऱ्या कंपायलरला इंटरप्रिटरची अंतर्गत मांडणी जशी आहे तशीच माहीत असावी लागते. ही माहिती ‘पायथन.एच’ या हेडरमधून मिळते. सी फाइलमध्ये हे हेडर इतर सर्व प्रमाणित हेडरांच्या आधी घ्यावे असा नियम आहे, कारण त्यातील काही व्याख्यांचा परिणाम पुढच्या हेडरांवर होतो.

मांडणी चुकली तर काय होते ते एका आकड्यावरून समजेल. 64-बिट संगणकावरील नेहमीच्या सीपायथनमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टचा प्रारंभीचा भाग 16 बाइटांचा असतो: आठ बाइट रेफरन्स काउंटचे, आठ बाइट प्रकार सांगणाऱ्या पॉइंटरचे. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पायथन 3.13 पासून जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे कुलूप) नसलेला, म्हणजे फ्री-थ्रेडेड बिल्डही मिळतो. त्यात हाच भाग 32 बाइटांचा आहे. नेहमीच्या हेडरांवर बांधलेले मॉड्यूल तिथे चढले असते तर प्रकाराचा पॉइंटर म्हणून त्याने भलतेच बाइट वाचले असते. तसे होऊ नये म्हणून फ्री-थ्रेडेड मॉड्यूलच्या टॅगमध्ये आवृत्तीपुढे ‘टी’ हे अक्षर येते.

हा टॅग फाइलच्या नावातच असतो. लिनक्सवर पायथन 3.12 साठी बांधलेल्या ‘स्पॅम’ मॉड्यूलची फाइल ‘स्पॅम.सीपायथन-312-एक्स86_64-लिनक्स-जीएनयू.एसओ’ अशा लांबलचक नावाची निघते. 2011 च्या पायथन 3.2 पासून ही पद्धत आहे. त्यामुळे दोन आवृत्त्यांची मॉड्यूल्स एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहू शकतात. विंडोजवर प्रत्यय ‘पीवायडी’ असतो. नाव लांब वाटले म्हणून ‘स्पॅम’चे ‘हॅम’ करून चालत नाही: इंटरप्रिटर त्या फाइलमध्ये ‘पायइनिट_हॅम’ नावाचे फंक्शन शोधतो आणि ते न सापडल्यास इम्पोर्ट नाकारतो.

कॉन्फिगरेशनचे दोन प्रश्न

बारकावे कितीही असले तरी हे काम दोन प्रश्नांभोवती फिरते. हा इंटरप्रिटर कसा बांधला होता? आणि या संगणकावर काय काय उपलब्ध आहे?

पहिल्याचे उत्तर इंटरप्रिटर स्वतःच देतो. आपण कोणत्या कंपायलरने, कोणत्या पर्यायांनी बांधले गेलो याची नोंद तो जवळ ठेवतो आणि ‘सिसकॉन्फिग’ मॉड्यूलमार्फत विचारणाऱ्याला सांगतो. सोय उत्तम आहे, पण ती नोंद असते पायथन बांधणाऱ्याच्या यंत्राची, तुमच्या नव्हे. फेडोरा या लिनक्स वितरणावरचे ठळक उदाहरण पाहा. तिथल्या पायथनच्या नोंदीत बरीच वर्षे वितरणाच्या सुरक्षा-पर्यायांची एक फाइल नमूद असे. ती फाइल ‘रेडहॅट-आरपीएम-कॉन्फिग’ या पॅकेजमधून येई. पॅकेज नसले तर जीसीसी हा कंपायलर ती फाइल सापडत नाही म्हणून थांबे. आपल्या सोर्स कोडमध्ये तिचा उल्लेखही नसे, त्यामुळे नवखा माणूस तासन्‌तास भलतीकडे शोधत बसे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधून काढावे लागते. त्यात सर्वांत ओळखीची चूक म्हणजे ‘पायथन.एच’ न सापडणे. डेबियन आणि उबुंटूवर हेडर फाइली ‘पायथन3-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, फेडोरावर ‘पायथन3-डेव्हल’मध्ये. पायथन चालते आहे म्हणजे हेडरही असतीलच, हा समज तिथे तुटतो. बाहेरच्या लायब्ररींसाठी ‘पीकेजी-कॉन्फिग’ या साधनाची मदत घेतात, तो हेडरांचा पत्ता, लायब्ररीचा पत्ता आणि जोडायची नावे सांगतो.

लिनक्सवर आणखी एक फसवी गोष्ट आहे. शेअर्ड लायब्ररी बांधताना काही सिम्बॉल (फंक्शन वगैरेंची नावे) सापडले नाहीत तरी लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम, सहसा तक्रार करत नाही. आणि एका अर्थी तशी मोकळीक हवीच, कारण पायथन 3.8 पासून युनिक्सवर एक्स्टेन्शन मॉड्यूल ‘लिबपायथन’ला जोडतच नाहीत, ती फंक्शन्स मॉड्यूल चढताना इंटरप्रिटरकडून मिळतात. पण याच मोकळिकीमुळे जोडायची विसरलेली लायब्ररीही निसटून जाते. बिल्ड यशस्वी दिसतो आणि पहिल्या इम्पोर्टला ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ समोर येते. विंडोजचा लिंकर हीच चूक बिल्डच्या वेळीच पकडतो. म्हणून बिल्डनंतर लगेच एकदा इम्पोर्ट करून पाहणे हा बिल्डचाच भाग मानावा.

सेटअप फाइलपासून पायप्रोजेक्टपर्यंत

सुरुवातीच्या काळात पायथनच्या सोर्समधील ‘मॉड्यूल्स/सेटअप’ ही साधी मजकुराची फाइल हाताने बदलत. एका ओळीत मॉड्यूलचे नाव, सोर्स फाइली आणि लायब्ररी. हवे असलेल्या ओळीपुढचे कॉमेंटचे चिन्ह काढायचे आणि ‘मेक’ चालवायचे. 2000 साली पायथन 1.6 आणि 2.0 सोबत डिस्टयूटिल्स आले. ग्रेग वॉर्ड यांनी घडवलेल्या या संचामुळे कॉन्फिगरेशन ‘सेटअप.पाय’ या पायथन प्रोग्राममध्ये लिहिता येऊ लागले: ‘एक्स्टेन्शन’ नावाचा एक ऑब्जेक्ट, त्यात सोर्सची यादी, हेडरांचे मार्ग, लायब्ररी, मॅक्रो. पायथन 2.1 पासून तर प्रमाणित लायब्ररीतील सी मॉड्यूल्सही याच पद्धतीने बांधली जाऊ लागली. 2004 मध्ये फिलिप एबी यांचे सेटअपटूल्स आले आणि पुढे तेच सर्वत्र रुजले.

‘सेटअप.पाय’ हा प्रोग्राम असल्याने त्यात काहीही करता येई. तीच त्याची ताकद आणि तेच दुखणे. बांधणीसाठी काय लागते हे कळायला फाइल चालवावी लागे, आणि फाइल चालवायला तिच्या पहिल्याच ओळीत इम्पोर्ट केलेले नमपाय किंवा सायथन (पायथनसारखा कोड सी मध्ये बदलणारे साधन) आधी हवे असे. ‘आधी नमपाय बसवा, मग आमचे पॅकेज बसवा’ अशी सूचना त्या काळच्या कितीतरी पॅकेजांच्या माहितीपत्रात होती.

पेप 518 आणि पेप 517 या पायथन सुधारणेच्या अधिकृत प्रस्तावांनी ही गाठ सोडवली. ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ या फाइलमध्ये बिल्डसाठी काय लागते आणि बांधणारे साधन कोणते, हे नुसते लिहून ठेवायचे. एप्रिल 2018 च्या पिप 10 पासून पिप, म्हणजे पॅकेज बसवणारे साधन, ती यादी वाचून स्वतंत्र, तात्पुरते वातावरण तयार करतो आणि त्यातच बांधणी करतो. माझ्या मते पायथनच्या पॅकेजिंगमधली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे. तिने एक नवा पेच मात्र आणला. तात्पुरत्या वातावरणात नमपायची ताजी आवृत्ती येई आणि तिच्यावर बांधलेले मॉड्यूल वापरणाऱ्याच्या जुन्या नमपायवर चालत नसे. म्हणून अनेक वर्षे मुद्दाम जुन्यात जुने नमपाय मागवण्याची तजवीज करावी लागली. 2023 च्या नमपाय 1.25 ने हेडरांतच मागच्या आवृत्त्यांशी जुळण्याची सोय केली, तेव्हा हा उपद्व्याप संपला.

डिस्टयूटिल्स ऑक्टोबर 2023 मध्ये पायथन 3.12 मधून काढून टाकण्यात आले. सायपायने 2022 च्या 1.9.0 आवृत्तीपासून मेसॉन ही बिल्ड सिस्टीम धरली होती, नमपायनेही 3.12 साठी 1.26 मध्ये तेच केले. फोरट्रानचा कोड आणि ब्लास, लापॅक यांसारख्या गणिती लायब्ररी सांभाळायला खरी बिल्ड सिस्टीमच हवी असते. रस्टसाठी मॅच्युरिन आणि सीमेक ही बिल्ड सिस्टीम वापरणाऱ्यांसाठी सायकिट-बिल्ड-कोअर ही साधने आहेत. स्वतः सीपायथन तर प्रमाणित मॉड्यूल्ससाठी पुन्हा ‘मॉड्यूल्स/सेटअप’च्या वळणाच्या फाइलींकडे परतला आहे, फरक इतकाच की त्यांतली निवड आता ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट करते.

इतर स्क्रिप्टिंग भाषांत याच दोन प्रश्नांना वेगळे दरवाजे आहेत. पर्लमध्ये ‘मेकफाइल.पीएल’ आणि एक्सएस, रुबीत ‘एक्स्टकॉन्फ.आरबी’, पीएचपीत ‘पीएचपीआइझ’ आणि ‘कॉन्फिग.एम4’. रुबीची पद्धत वाचायला सर्वांत सोपी: ‘हे हेडर आहे का’, ‘या लायब्ररीत हे फंक्शन आहे का’ असे सरळ प्रश्न ओळीओळीने विचारायचे आणि शेवटी मेकफाइल तयार करायची. प्रत्येक प्रश्नासाठी छोटा सी प्रोग्राम खरोखर कंपाइल करून पाहिला जातो आणि त्याचा तपशील ‘एमकेएमएफ.लॉग’मध्ये उरतो.

बांधणी कुणाच्या संगणकावर?

पूर्वी प्रत्येक वापरकर्ता आपापल्या संगणकावर बांधणी करी. विंडोजवर ते फार कठीण होते, कारण पायथनची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची आवृत्ती यांची जोडी ठरलेली असे: 2.7 साठी 2008 चा, 3.3 आणि 3.4 साठी 2010 चा. 3.5 पासून युनिव्हर्सल सी रनटाइममुळे ही साखळी सैल झाली.

पेप 427 ने व्हील हे तयार पॅकेजचे स्वरूप आणले आणि बांधणीचा भार प्रकाशकाकडे गेला. लिनक्सवर त्याला आणखी थांबावे लागले, कारण वितरणे अनेक आणि प्रत्येकाची जीलिबसी, म्हणजे सी ची मूळ लायब्ररी, वेगळी. नव्या जीलिबसीवर बांधलेले जुन्यावर चालत नाही, जुन्यावर बांधलेले मात्र नव्यावर चालते. 2016 च्या मेनीलिनक्स1 ने याचाच फायदा घेतला: सेंटओएस 5 सारख्या मुद्दाम जुन्या प्रणालीवर बांधा, म्हणजे पुढे सगळीकडे चालेल. त्यानंतरचे मेनीलिनक्स2014 सेंटओएस 7 वर, म्हणजे जीलिबसी 2.17 वर बेतले आहे. ‘ऑडिटव्हील’ हे साधन बाहेरच्या लायब्ररी व्हीलमध्येच भरते. जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्ससाठी वेगळा टॅग आहे.

प्रत्येक पायथन आवृत्तीसाठी वेगळी फाइल बांधण्याचा त्रास वाचवायचा तर पेप 384 ची मर्यादित एपीआय (इंटरप्रिटरच्या फंक्शनांचा ठराविक, स्थिर संच) वापरता येते. तिच्यावर बांधलेले, ‘एबीआय3’ टॅगचे एकच व्हील पुढच्या 3.x आवृत्त्यांवरही चालते. फ्री-थ्रेडेड 3.13 आणि 3.14 वर ही सवलत नाही. तिथे प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र बांधणी करावीच लागते.

मराठी अकारविल्हे आणि पायआयसीयू

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांना हा विषय बहुधा पायआयसीयूच्या रूपाने भेटतो. पायथनची साधी क्रमवारी युनिकोडच्या क्रमांकांनी चालते. त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी येतो, म्हणून ‘काळ’ हा शब्द ‘काव’च्या आधी लागतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर आहे. खरी अकारविल्हे यादी हवी असेल तर आयसीयू या सी आणि सी++ लायब्ररीतील भाषानिहाय नियम लागतात, आणि पायआयसीयू हे त्या लायब्ररीचे एक्स्टेन्शन मॉड्यूल आहे.

हे मॉड्यूल दीर्घकाळ सोर्सच्याच रूपात मिळत आले, म्हणजे वर सांगितलेली बांधणी वापरकर्त्याच्याच वाट्याला. डेबियनवर आधी ‘लिबआयसीयू-डेव्ह’, ‘पीकेजी-कॉन्फिग’, सी++ कंपायलर आणि पायथनची हेडरे बसवावी लागतात. मॅकवर होमब्रू या पॅकेज बसवणाऱ्या साधनाचे आयसीयू नेहमीच्या मार्गांत जोडलेले नसते, म्हणून ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’मध्ये त्याचा पत्ता द्यावा लागतो. 2024 च्या आयसीयू 75 पासून त्याच्या सी++ हेडरांना सी++17 लागते. जुन्या कंपायलरचा मूळ पर्याय त्याखालचा असल्यास तो वाढवावा लागतो. त्यासाठी ‘पायआयसीयू_सीफ्लॅग्ज’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे.

मोठी अडचण पुढे, प्रणाली अद्ययावत झाल्यावर येते. आयसीयू आपल्या सिम्बॉलच्या नावांनाच प्रमुख आवृत्तीचा आकडा जोडते. 72 वर बांधलेले मॉड्यूल 74 ला जोडलेच जाऊ शकत नाही, ‘लिबआयसीयूआय18एन.एसओ.72 सापडत नाही’ असे सांगून इम्पोर्ट थांबते. आयसीयूला दोष देण्याजोगे यात काही नाही: उघडपणे थांबणे हे चुकीच्या नियमांनी गुपचूप यादी लावण्यापेक्षा केव्हाही बरे. उपाय म्हणजे पिपची साठवलेली प्रत टाळून मॉड्यूल नव्याने बांधणे, आणि बांधल्यावर आधी ‘आयसीयू_व्हर्जन’ छापून पाहणे, मगच शब्दांची यादी त्याच्या हाती देणे.