बाळंतिणीचा 'बसायचा महिना': एका चिनी प्रथेची पार्श्वभूमी

बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्याला चिनी भाषेत 'त्स्वो युएत्झ' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'महिना बसणं'. आपल्या सव्वा महिन्याशी त्याचं जवळचं नातं वाटतं, पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. चीनमध्ये अनेक ठिकाणी लेकीने माहेरी महिना काढणं अशुभ मानत, त्यामुळे सगळी भिस्त सासूवर.

वैद्यकातला आधार जुना आहे. सातव्या शतकात सुन सिम्याव या वैद्यांनी आपल्या ग्रंथात स्त्रियांच्या विकारांना अग्रस्थान दिलं आणि बाळंतिणीला 100 दिवस जपायला सांगितलं. 1237 मध्ये छन त्झमिंग यांचा स्त्रीरोगांवरचा मोठा ग्रंथ आला. धारणा अशी, की रक्त गेल्याने शरीर रिकामं आणि 'थंड' होतं, मग सांध्यांत वारा शिरतो. म्हणून गार पाणी, कच्ची फळं, डोक्यावरून अंघोळ, वारा सगळं वर्ज्य. ही पथ्यं कामांच्या अंगाने वाचली की त्यांचा खरा उपयोग दिसतो. गार पाण्यात हात नाही म्हणजे धुणंभांडी नाही. उंबरा ओलांडायचा नाही म्हणजे शेत नाही. राबणाऱ्या सुनेला विश्रांती मागावी लागू नये, याची ती सोय होती.

खाणं प्रांताप्रमाणे बदलतं. उत्तरेत राळ्यासारख्या धान्याची पेज, तांबूस साखर आणि अंडी. तैवानमध्ये पहिल्या आठवड्यात डुकराची कलेजी, दुसऱ्यात गुर्दे, मग कोंबडी. सगळं काळ्या तिळाच्या तेलात, जून आलं आणि तांदळाची दारू घालून. आल्याचे काप मंद आचेवर कडा आक्रसेपर्यंत परतायचे. आच मोठी झाली की तेल कडवट होतं. दारू पूर्ण उडत नाही, तेव्हा अंगावर पाजणाऱ्या आईने हे जपूनच खावं. दक्षिण चीनमधल्या कँटनी घरांत डुकराचे पाय, आलं आणि उकडलेली अंडी गोडसर काळ्या व्हिनेगरमध्ये मुरवतात. भांडं मातीचंच, कारण आंबटाने धातू कळकतो.

सतराव्या शतकातल्या फू छिंगचू यांच्या नावावरचा 'शंगह्वा' काढाही प्रसिद्ध आहे: डांगग्वे ही मुळी 8 छ्येन (छ्येन हे जुनं चिनी वजन), छ्वानश्योंग ही मुळी 3 छ्येन, पीचच्या बियांचे 14 गर, करपवलेली सुंठ आणि परतलेलं ज्येष्ठमध अर्धा-अर्धा छ्येन. गर्भाशयातल्या रक्ताच्या गाठी पडून जाव्यात हा हेतू. दवाखान्याने गर्भाशय आकुंचनाची गोळी दिलेली असताना हाही घेतला, तर पोटात कळा आणि रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. बाळाच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. नवजात बाळांच्या काविळीच्या धास्तीने सिंगापूरने 1978 मध्ये 'ह्वांगल्येन' या कडू मुळीवर बंदी घातली. ती 2013 मध्ये उठली. बंद खोलीत, भर उन्हाळ्यात रजयांखाली ठेवलेल्या बाळंतिणीला उष्माघात होऊ शकतो. इथे पथ्य मोडायलाच हवं.

सासूची जागा हळूहळू पगारी माणसांनी घेतली. चीनमध्ये 1951 च्या नियमांनी कामगार बायकांना 56 दिवसांची रजा दिली, 1988 मध्ये ती 90 आणि 2012 मध्ये 98 दिवस झाली. रजा वाढली, पण सासू दुसऱ्या शहरात राहिली, किंवा तिच्याशी पटेना. कोंडलेल्या खोलीतला तो ताण आईच्या मनाला फार जाचतो. मग शहरांत 'युएसाव' म्हणजे बाळंतिणीची पगारी बाई आली, हाँगकाँगमध्ये तशीच 'पुइ यूत', तैवानमध्ये महिना काढायची केंद्रं. सिंगापूरमध्ये मलेशियातून येणाऱ्या अशा बाईला बाळाच्या जन्मापासून 16 आठवड्यांपर्यंतचा कामाचा परवाना मिळतो.