मिरचीची बरणी, एक फ्लॅश आणि ट्रेसिंग पेपर

भिवापुरी मिरचीची पूड, संत्र्याचा मुरंबा, सावजी मसाला असा माल घरून विकणारे नागपुरात पुष्कळ. त्यांच्या फोटोंत एक दोष हमखास दिसतो: बरणीच्या पोटावर पांढरा जळका ठिपका आणि मागे काळीकुट्ट सावली. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशचं तोंड जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद असतं. एवढ्याशा जागेतून आलेल्या प्रकाशाची सावली कडकच पडणार. शिवाय काच आरशाचं काम करते, त्यामुळे तो ठिपका म्हणजे खुद्द फ्लॅशचंच प्रतिबिंब.

उपाय स्वस्त आहे. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून वायरलेस ट्रिगरने, म्हणजे दुरून फ्लॅश पेटवणाऱ्या उपकरणाने, चालवायचा आणि बरणीच्या बाजूला ए-२ आकाराचा ट्रेसिंग पेपर चौकटीत ताणून उभा करायचा. कागद बरणीपासून ३० सेंटिमीटरवर, फ्लॅश कागदामागे ५० सेंटिमीटरवर, त्याचा झूम २४ वर, म्हणजे प्रकाश रुंद पसरेल असा. आता बरणीच्या दृष्टीने दिवा म्हणजे तो अख्खा कागद. सावलीची कड विरघळते आणि काचेवर ठिपक्याऐवजी उभा, गुळगुळीत पट्टा उमटतो.

जागा वाचवायला फ्लॅश कागदाला चिकटवू नका. २० सेंटिमीटरवर ठेवला, तर कागदाचा कोपरा फ्लॅशपासून सुमारे ४१.५ सेंटिमीटर दूर, म्हणजे मध्याच्या दुपटीहून किंचित लांब पडतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि कोपऱ्यावर तो तिरपा पडत असल्याने आणखी कमी होतो. मग कागदाचा फक्त मधला भाग पेटतो आणि तोच ठिपका बरणीवर परत येतो. ५० सेंटिमीटरवरून कोपरा ६२ सेंटिमीटरवर असतो, फरक बराच आटोक्यात राहतो.

पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढा: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/८, शटर १/१६० सेकंद. तो जवळजवळ काळा यायला हवा. काही दिसलंच, तर खिडकीचा किंवा ट्यूबचा उजेड घुसतोय. फ्लॅशचा रंग सुमारे ५५०० केल्विन, घरातले एलईडी कुठे ३०००, कुठे ६५००. दोन्ही मिसळले की व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगजुळवणी) कितीही फिरवा, एक बाजू पिवळी किंवा निळी राहतेच. आता फ्लॅश १/८ ताकदीवर सुरू करा आणि फोटो पाहून कमी-जास्त करा. इथे शटर बदलून उपयोग नाही. या ताकदीला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच विझतो, शटर त्याहून कितीतरी जास्त वेळ उघडं असतं. फ्लॅशचा उजेड ताकद, अंतर, आयएसओ आणि अॅपर्चर यांनीच आवरायचा. बहुतेक कॅमेऱ्यांत शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेलं, तर फोटोत काळा पट्टा येतो, कारण फ्लॅश पेटतो तेव्हा शटरचा दुसरा, झाकणारा पडदा निघालेला असतो.

मिरचीपूड स्वतंत्र डोकेदुखी आहे. फोटो एकूण नीट दिसतो, पण लाल रंगाची नोंद आधीच टोकाला पोचलेली असते आणि दाणेदार पूड सपाट रंगाचा डाग वाटते. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा यांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा, लाल उजव्या भिंतीला टेकला असेल तर ताकद एक पायरी उतरवा. पोत हवा असेल तर प्रकाश बाजूने, पुडीच्या पातळीवरून, जवळजवळ आडवा येऊ द्या.

अंधाऱ्या बाजूला १५ सेंटिमीटरवर पांढरं कार्डशीट उभं केलं की सावली भरून निघते. काचेची कड पांढऱ्या पार्श्वभूमीत हरवत असेल, तर दोन्ही बाजूंना, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या लावा. कडेवर बारीक काळी रेघ उमटते. सरबताची बाटली असेल तर कागद आणि फ्लॅश सरळ तिच्या मागे न्या, रंग आतून उजळतो. चकचकीत पाऊचवर मात्र प्रत्येक सुरकुती वेगळ्या कोनात चमकते. आत पुठ्ठा सरकवून पाऊच ताणून घ्या, आणि कॅमेऱ्यातून त्याच्यावर कागदाचं प्रतिबिंब दिसत असेल तर दिवा आणखी बाजूला हलवा.

मे महिन्यात फ्लॅश सलग पूर्ण ताकदीवर फोडत राहू नका. तो तापून बंद पडतो, तोंडाचं प्लास्टिक पिवळं पडतं. वर्ख लावलेली संत्रा बर्फी तिच्या जागी वाटी ठेवून सगळी मांडणी तपासून झाल्यावरच फ्रीजबाहेर काढा.