ईएसआर म्हणजे ईपानेटचा रिझर्व्हॉयर नव्हे

ईपानेट म्हणजे पाणीपुरवठ्याच्या जाळ्याचं मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर. जीआयएसमधून, म्हणजे नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून, त्याच्यासाठी आलेली आयएनपी फाइल उघडावी, तर एकूण एक उंच टाक्या रिझर्व्हॉयर म्हणून बसवलेल्या. याचा आता वीट आलाय. कागदोपत्री टाकीला ‘इलेव्हेटेड सर्व्हिस रिझर्व्हॉयर’ (ईएसआर) म्हणतात, तेवढं बघून एक्स्पोर्ट करणारा मोकळा होतो.

टाकी कशी भरते, कशी उतरते हे तुम्हाला सांगायला नको. ईपानेटचा ‘टँक’ तसाच वागतो: आवक झाली की पातळी चढते, तळ गाठला की पुढचा पुरवठा थांबतो. रिझर्व्हॉयर म्हणजे द्रौपदीची थाळी. त्याला फक्त हेड, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची समुद्रसपाटीपासूनची उंची, द्यायचं. मग कितीही उपसा, ते हेड हलत नाही.

समजा, 16 मीटर व्यासाची टाकी आहे, पाण्याची खोली 4 मीटर. म्हणजे साधारण 8 लाख लिटर. आवक बंद आणि सेकंदाला 40 लिटर जावक, तर साडेपाच तासांत टाकी रिकामी. हीच टाकी रिझर्व्हॉयर केली, तर मॉडेलमध्ये 24 तास फुल प्रेशर! वर ही चूक लगेच दिसतही नाही. टोटल ड्युरेशन शून्य ठेवून एकाच वेळेचा रन घेतला, तर हेड सारखं असताना दोन्हींचं उत्तर तेच येतं. ‘रन सक्सेसफुल’ दिसलं म्हणून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

टँक केला की काम वाढतं, मान्य. एलिव्हेशनच्या रकान्यात टाकीच्या तळाची आरएल (समुद्रसपाटीपासूनची उंची) हवी, जमिनीची नव्हे. जमीन 12 मीटरवर आणि स्टेजिंग (टाकीखालच्या खांबांची उंची) 20 मीटर, तर तिथे 32. किमान, कमाल आणि सुरुवातीची पातळी मात्र या तळापासून मोजायची. कमाल 4, 36 नाही. जीएसआर (जमिनीवरची टाकी) चौकोनी असेल, तर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास द्या. इंट्झ टाकीला (तळ शंकूसारखा उतरता) व्हॉल्यूम कर्व्ह, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी याचा तक्ता.

रिझर्व्हॉयर शोभतो तो मूळ स्रोताला. नवी मुंबईचं उदाहरण घ्या: मोरबे धरणापासून मॉडेल करत असाल तर धरणाला, भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रापासून सुरू केलंत तर तिथल्या शुद्ध पाण्याच्या साठ्याला. एकाच टाकीचा झोन फक्त पीक अवरला तपासायचा असेल, तर टाकीला रिझर्व्हॉयर केलेलं चालतं. पण हेड किमान पातळीचं द्या. मी तिथेही टँकच ठेवतो, कारण पुढे तीच फाइल कोणीतरी 24 तासांसाठी चालवतोच.

बाकी नेहमीचंच: नकाशाचे लेयर यूटीएम झोन 43 नॉर्थ या मीटरमधल्या कोऑर्डिनेट पद्धतीत, पाइपांची टोकं स्नॅप केलेली (एकमेकांना नेमकी जोडलेली), एचडीपीईच्या (प्लास्टिकच्या) पाइपांचा व्यास आतला.

24 तासांचा रन झाला की आधी प्रत्येक टँकच्या पातळीचा ग्राफ काढा. रेषा दिवसभर सपाट असेल, तर त्या टाकीचे पाइप जोडलेत का ते बघा. दिवसअखेर पातळी सुरुवातीच्या आसपास परतली नसेल, तर पंपाच्या वेळा आणि डिमांड पॅटर्न (तासागणिक मागणी) जुळवा. प्रेशरचा नकाशा त्यानंतर.