दीर्घजीवी अवकाशयाने

नियोजित कार्यकाल उलटल्यावरही उपयुक्त मापने पाठवीत राहणारी मानवरहित याने. नियोजित कार्यकाल म्हणजे यानाचे आयुर्मान नव्हे. ठरलेले काम तेवढ्या काळात हमखास पुरे व्हावे म्हणून इंधन, वीज व जोडभाग यांचा हिशेब ज्या मुदतीवर बसवतात ती मुदत. ती संपल्यानंतरच्या कामाला विस्तारित मोहीम म्हणतात. २१ महिन्यांसाठी आखलेल्या पायोनियर–१० (१९७२) चा शेवटचा क्षीण संदेश २३ जानेवारी २००३ रोजी मिळाला. मंगळावरील ऑपॉर्च्युनिटी गाडी ९० मंगळदिवसांसाठी होती. सौरपट्ट्यांवर बसणारी धूळ तिला थांबवील असा अंदाज होता, पण वारा ती धूळ अधूनमधून झाडत राहिला आणि गाडी २००४ ते २०१८ चालली. भारताच्या मंगळयानाची मुदत ६ महिने होती. सप्टेंबर २०१४ मध्ये कक्षेत शिरलेल्या या यानाशी संपर्क २०२२ मध्ये तुटला. सर्वांत दीर्घ व सर्वांत बारकाईने नोंदलेले उदाहरण व्हॉयेजर–१ व व्हॉयेजर–२ यांचे आहे.

व्हॉयेजर–२ हे २० ऑगस्ट १९७७ रोजी, तर व्हॉयेजर–१ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. नंतर सुटलेले यान जवळच्या मार्गाने गुरूकडे आधी पोहोचणार असल्याने क्रमांक उलटे दिसतात. मोहीम गुरू व शनी यांच्यापुरती, सुमारे ५ वर्षांची होती. युरेनस (१९८६) व नेपच्यून (१९८९) ही व्हॉयेजर–२ ने केलेली पुढची मजल.

वीज व उष्णता : प्रत्येक यानावर प्लुटोनियम–२३८ ची तीन औष्णिक विद्युत् जनित्रे आहेत. उड्डाणाच्या वेळी त्यांची एकूण शक्ती सुमारे ४७० वॉट होती. आता ती निम्म्याहून कमी असून दरवर्षी सुमारे ४ वॉटने घटते. प्लुटोनियम–२३८ चा अर्धायुकाल ८७·७ वर्षे असल्याने नुसत्या किरणोत्सारी ऱ्हासाने इतकी घट होत नाही. उष्णतेचे विजेत रूपांतर करणारी तपयुग्मेही झिजतात. तूट भरून काढण्यासाठी आधी तापक व मग उपकरणे बंद केली जातात. व्हॉयेजर–२ चे आयनद्रायू (प्लाझ्मा, म्हणजे विद्युत् भारित कणांचा वायू) मोजणारे उपकरण सप्टेंबर २०२४ मध्ये, तर व्हॉयेजर–१ चे विश्वकिरण उपकरण फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आले. मात्र सगळेच तापक बंद करता येत नाहीत. हायड्रॅझीन हे इंधन सुमारे २° से.ला गोठते, नळ्या गोठल्या तर थ्रस्टर (यानाचा रोख सांभाळणारी छोटी एंजिने) चालत नाहीत आणि ३·७ मी. व्यासाच्या आकाशकाचा (अँटेनाचा) रोख पृथ्वीवरून ढळतो. जुलै २०२३ मध्ये चुकीच्या आज्ञेमुळे व्हॉयेजर–२ चा रोख फक्त २ अंशांनी सरकला, तेवढ्याने संपर्क तुटला होता.

नळ्यांना दुसराही धोका आहे. इंधनटाकीतील रबरी पडदा जुना होत गेल्याने सिलिकॉन डाय-ऑक्साइड सुटून थ्रस्टरच्या आतील अरुंद नळीत साचते. व्हॉयेजर–१ च्या एका संचात ०·२५ मिमी.चे भोक ०·०३५ मिमी.पर्यंत बुजले. पर्यायी संच थंड पडलेला होता व तसाच पेटवला तर निकामी होण्याची भीती होती. तापवायला जादा वीज नव्हती, आणि उपकरणे थोड्या वेळापुरती बंद केली तर पुन्हा चालू होतील याची शाश्वती नव्हती. शेवटी एक मुख्य तापक तासभर बंद ठेवून संचाचे तापक चालवले गेले आणि २७ ऑगस्ट २०२४ रोजी बदल साधला.

बहिरा ग्राही : एप्रिल १९७८ मध्ये व्हॉयेजर–२ चा मुख्य रेडिओ ग्राही कायमचा बंद पडला. राखीव ग्राहीतील एक धारित्र (कपॅसिटर) आधीच बिघडले होते, त्यामुळे येणाऱ्या लहरींच्या कंप्रतेमागे तो जाऊ शकत नाही. सुमारे १०० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यातच त्याला ऐकू येते. तो पट्टाही ग्राहीच्या तापमानाबरोबर सरकतो. म्हणून पृथ्वीच्या परिवलनाने व कक्षीय गतीने होणारा डॉप्लर बदल आधी मोजून प्रक्षेपणाची कंप्रता क्षणोक्षणी अशी बदलत नेतात, की यानापाशी ती स्थिर पोहोचावी. यानावर एखादे उपकरण चालू-बंद झाले तर ग्राहीचे तापमान स्थिरावेपर्यंत आज्ञा पाठवत नाहीत. जन्माची खोट म्हणावी अशी ही अडचण घेऊनच हे यान नेपच्यूनपर्यंत गेले.

संगणक : प्रत्येक यानावरील तिन्ही संगणक मिळून स्मृती ७० किलोबाइटांच्या आतबाहेर, पण ती दुरून पुन्हा लिहिता येते. चित्रे आकुंचित करण्याची पद्धत शनीनंतर अशीच भरली गेली. १४ नोव्हेंबर २०२३ पासून व्हॉयेजर–१ कडून अर्थहीन आकडे येऊ लागले. मार्च २०२४ मध्ये मागवलेल्या स्मृतीच्या प्रतीवरून २५६ शब्दांची एक चकती (चिप) निकामी झाल्याचे कळले. तिच्यातील आज्ञावली सलग मावेल अशी मोकळी जागा नव्हती. तेव्हा तिचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणी बसवले आणि प्रत्येक उल्लेखातील पत्ता सुधारला. पहिला तुकडा १८ एप्रिलला पाठवला, उत्तर २० एप्रिलला आले. तेव्हा एका बाजूचा प्रवासच साडेबावीस तासांचा असल्याने प्रत्येक प्रयोगाला दोन दिवस लागत.

सूर्यावरणाच्या सीमेचा वाद : सूर्यावरण म्हणजे सौरवाताने (सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणप्रवाहाने) व्यापलेला प्रदेश. तो ओलांडून व्हॉयेजर–१ आंतरतारकीय अवकाशात नेमके केव्हा शिरले यावर एकमत लवकर झाले नाही. सौर कण घटणे, दीर्घिकेतील विश्वकिरण वाढणे व चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलणे या तीन खुणा अपेक्षित होत्या. २५ ऑगस्ट २०१२ रोजी, सुमारे १२२ ज्योतिषशास्त्रीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी–सूर्य सरासरी अंतर) अंतरावर, पहिल्या दोन दिसल्या. तिसरी दिसली नाही. आयनद्रायूची घनता थेट मोजणारे उपकरण १९८० मध्येच निकामी झालेले होते. एप्रिल–मे २०१३ मध्ये सूर्यावरील उद्रेकाच्या धक्क्याने आयनद्रायूत सुमारे २·६ किलोहर्ट्झची आंदोलने उठली. त्यांवरून घनता दर घ. सेंमी.ला सुमारे ०·०८ इलेक्ट्रॉन निघाली, म्हणजे सीमेच्या आतल्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक. आधीच्या आंदोलनांशी मेळ घालून २५ ऑगस्ट ही तारीख मागे जाऊन निश्चित केली गेली. तरीही फिस्क व ग्लोएकलर या शास्त्रज्ञांनी यान अजून सौरवाताच्या प्रदेशातच असल्याचे मत मांडले. व्हॉयेजर–२ ने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी सीमा ओलांडली तेव्हा त्याचे आयनद्रायू उपकरण चालू होते, आणि तेथेही चुंबकीय दिशेत मोठा फरक आढळला नाही. त्यामुळे तिसरी खूण कसोटी म्हणून कमकुवत ठरते व २०१२ चे मत अधिक ग्राह्य दिसते. ‘सूर्यकुल सोडले’ हे वृत्तपत्री विधान मात्र सैल आहे. सूर्यकुलाच्या कडेचा धूमकेतूंचा ऊर्ट मेघ अजून फार दूर आहे.

ध्वनिमुद्रिका : दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीत ५५ भाषांतील अभिवादनांत मराठीही आहे, आणि संगीतात केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी, म्हणजे व्हॉयेजर–१ सुटल्यानंतर ११ दिवसांनी, निवर्तल्या. तबकडीच्या आवरणावर युरेनियम–२३८ चा एक लहानसा थर दिला आहे. ज्याला ती सापडेल त्याने त्याच्या ऱ्हासावरून तिचे वय काढावे, अशी योजना आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४५० कोटी वर्षे आहे.