झाकणाखालचा वरोआ

मधमाश्यांवर जगणारा ‘वरोआ डिस्ट्रक्टर’ हा कोळीवर्गीय परजीवी जेमतेम दीड मिलिमीटर रुंद, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो. माशीच्या पोटाखालच्या खवल्यांमध्ये तो इतका बेमालूम दडतो, की पेटीतील पोळ्याच्या चौकटी उचलून पाहणाऱ्याला तो सहसा दिसत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. पिलावा (पोळ्यातील अंडी, अळ्या आणि कोष) भरपूर असताना बहुतेक वरोआ माश्यांच्या अंगावर नसतातच. ते मेणाने बंद केलेल्या घरांत, कोषांसोबत असतात.

घर बंद होण्याच्या थोडे आधी वरोआची मादी आत शिरते. सुमारे 70 तासांनी ती पहिले अंडे घालते, त्यातून नर निघतो. पुढची अंडी साधारण दर 30 तासांनी येतात आणि ती माद्यांची असतात. भावाबहिणींचे मीलन त्याच अंधाऱ्या घरात होते आणि माशी बाहेर पडेपर्यंत ज्या माद्या प्रौढ झाल्या तेवढ्याच जगतात. कामकरी माशीचे घर सुमारे 12 दिवस बंद राहते, नर माशीचे 14 ते 15 दिवस. या जादा दोन-तीन दिवसांत आणखी मुली पिकतात, म्हणूनच वरोआची पसंती नरांच्या घरांना असते.

वरोआ माशीच्या शरीरातील मेदपेशी आणि द्रव शोषतो, परंतु त्याहून घातक असतात ते त्याच्यामार्फत पसरणारे विषाणू. चुरगळलेल्या पंखांच्या माश्या पेटीसमोर रांगताना दिसू लागल्या, तर उपाय करायला बराच उशीर झाला आहे असे समजावे.

म्हणून लक्षणांची वाट न पाहता मोजणी करावी. राणी त्यात नाही याची खात्री करून पिलाव्याच्या चौकटीवरील सुमारे 300 माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात, पिठीसाखर टाकून त्या घोळवाव्यात आणि बरणी पांढऱ्या ताटावर उपडी करून हलवावी. साखरेसोबत नऊ वरोआ पडले, तर प्रमाण शेकडा तीन झाले. अनेक ठिकाणी उपचारासाठी हीच मर्यादा धरतात. अल्कोहोलने धुऊन केलेली मोजणी अधिक अचूक असते, मात्र त्यात त्या माश्या मरतात.

उपचाराची निवड पिलाव्याच्या घरांवरील मेणाच्या झाकणाशीच बांधलेली आहे. ऑक्झॅलिक आम्ल झाकणाच्या आत पोहोचत नाही; त्यामुळे पिलावा नसलेल्या काळात, किंवा राणीला सुमारे साडेतीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिलावा मुद्दाम थांबवल्यावर ते दिले तरच पुरेपूर उपयोगी पडते. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणातून आत जाते, पण कडक उन्हाळ्यात तिच्यामुळे राणीच दगावू शकते. फ्लुव्हॅलिनेटसारख्या रसायनांच्या पट्ट्या सोयीच्या खऱ्या, तरी त्याच त्या वर्षानुवर्षे वापरल्याने अनेक देशांत वरोआ त्यांना दाद देईनासा झाला आहे. नरांच्या पिलाव्याची चौकट मुद्दाम लावून, बंद झाल्यावर ती काढून टाकणे हा रसायनविरहित उपाय चांगला आहे. मात्र चौकट काढायची राहून गेली, तर आपणच वरोआची पैदास केल्यासारखे होते.

आशियाई सातेरी माशी वरोआची मूळ यजमान. तिच्या कामकरी पिलाव्यात वरोआ सहसा वाढत नाही आणि प्रौढ माश्या एकमेकींच्या अंगावरचे परजीवी टिपून काढतात. युरोपीय मेलिफेरा माशीतही बाधित घरे उघडून आतले कोष बाहेर फेकणारे वाण निवडपद्धतीने तयार झाले आहेत. पण नवी राणी हवेत आसपासच्या अनेक वसाहतींतील नरांशी संग करते, त्यामुळे नियंत्रित संकर नसेल तर हा गुण पुढच्या पिढ्यांत विरळ होत जातो.